शनिवारवाड्यापासून गुलटेकडीपर्यंत

पुण्याचा काळा इतिहास दाखवणाऱ्या पायी फेऱ्या हल्ली जोरात चालतात. संध्याकाळ कलली की शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यासमोर पंधरावीस जण जमतात. एखादा चुणचुणीत मुलगा पुढे होतो, दरवाज्यावरच्या अणकुचीदार खिळ्यांकडे बोट दाखवून बोलायला लागतो. हत्तीने धडक देऊ नये म्हणून हे खिळे. मग आवाज खाली आणून सांगतो की अमावास्येच्या रात्री आतून ‘काका, मला वाचवा’ अशी हाक ऐकू येते. कोणी पौर्णिमा म्हणतं, कोणी अमावास्या. घोळक्यातली लहान मुलं आईचा हात घट्ट धरतात.

मी पुण्यातच वाढले. पाहुणे आले की त्यांना अशा फेरीला हौसेने नेते, आणि ही सांगणारी मुलं किती वाचून येतात तेही पाहते. पण नारायणरावाची हाक ऐकवून झाली की फेरी संपल्यातच जमा असते, आणि तिथे माझा जीव तुटतो. या शहरात मदतीसाठी हाका मारणारा नारायणराव एकटा नव्हता. बाकीच्यांचे आवाज भुताच्या गोष्टीखाली गाडले गेले आहेत.

मुळात जे घडलं ते भुताची गरजच पडू नये इतकं भयंकर आहे. ३० ऑगस्ट १७७३, गणेशोत्सवाचे दिवस. पगार थकला म्हणून बोंब मारत गारदी वाड्यात घुसले. सुमेरसिंग गारदी त्यांचा म्होरक्या. नारायणराव पेशवा अठरा वर्षांचा. तो धावत रघुनाथरावाकडे गेला, काकाला मिठी मारली. तुळाजी पवाराने त्याला ओढून काढलं आणि गारद्यांनी तलवारी चालवल्या. त्या वेळी चाफाजी टिळेकर नावाचा सेवक धन्याच्या अंगावर पडला, म्हणजे वार आपल्यावर यावेत. तोही कापला गेला. वाड्यातले आणखी काही लोक त्या दुपारी मेले. त्यांत बायकाही होत्या.

आनंदीबाईने ‘ध’चा ‘मा’ केला ही कथा मात्र सगळ्यांना पाठ असते. तिच्याविरुद्धचा पुरावा फार तोकडा आहे हे कोणी सांगत नाही. दोषाचा डाग बाईच्या पदराला लावून मोकळं व्हायची आपली सवय जुनी आहे. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांना अशी सोय नको होती. त्यांनी चौकशी केली आणि गादीवर बसलेल्या रघुनाथरावाला तोंडावर सांगितलं की या पापाला देहान्त प्रायश्चित्त आहे. मग पद सोडून ते पुण्याबाहेर पडले. भुताची गोष्ट पसरते कारण ती कोणालाच जाब विचारत नाही. रामशास्त्र्यांनी जाब विचारला होता, आणि माझ्या मते या वाड्यात अंगावर काटा आणणारी गोष्ट असेल तर ती हीच आहे.

गेल्या पावसाळ्यातल्या फेरीत घोळक्यात एक मुलगी होती. लातूरकडची, स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात आलेली, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारी. या पेठांतल्या अभ्यासिका अशा मुलामुलींनी भरलेल्या असतात. सगळे फोटो काढत होते तेव्हा तिने सांगणाऱ्या मुलाला विचारलं, “दादा, त्या चाफाजीच्या घरच्यांचं पुढं काय झालं?” तो गडबडला. वेळ कमी आहे म्हणाला. मी तिच्या शेजारीच उभी होते. “काकू, तुम्ही इथल्याच ना?” तिने माझ्याकडे मोर्चा वळवला. “मग राजाच्या घरातलं सोडून बाकीचं कोण दाखवतं?”

मी म्हटलं, रविवारी ये.

रविवारी सकाळी आम्ही दिल्ली दरवाज्यापासूनच सुरुवात केली. या दरवाज्यासमोरच्या मैदानात एप्रिल १८०१ मध्ये विठोजी होळकराला हत्तीच्या पायी दिलं. दुसरा बाजीराव ते पाहत होता. विठोजीवर कोणी दया दाखवली नाही. त्याचा भाऊ यशवंतराव फौज घेऊन आला, २५ ऑक्टोबर १८०२ला हडपसरजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा धुव्वा उडाला, बाजीराव पळाला आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी वसईत इंग्रजांच्या तहावर सही करून बसला. एका मैदानातला तो एक तास मराठी राज्याला केवढ्याला पडला! तरी आज तिथे लोक भेळ खातात, मुलं फुगे उडवतात आणि विठोजीचं नाव कोणी काढत नाही.

त्याआधी तीनच वर्षं, १७९८ मध्ये, सर्जेराव घाटग्याने शिंद्यांच्या फौजेचा खर्च भागवायला पुणं पिळून काढलं. पैसे कुठे पुरलेत ते कबूल करावं म्हणून तापवलेल्या तोफांना माणसं बांधली. आणि ऑगस्ट १७९१ मध्ये घाशीराम कोतवालाच्या कोठडीत कोंडलेल्या ब्राह्मणांपैकी विसाहून जास्त जण गुदमरून मेले, तेव्हा खवळलेल्या जमावाने त्याला दगडांनी ठेचलं. घाशीराम वाईट होता हे खरंच. पण चौदा वर्षं त्याची कोतवाली चालू होती आणि त्याला नेमणारे, पोसणारे शहाणे लोक दुसऱ्या दिवशी पुन्हा कचेरीत येऊन बसले. दगड मारून शहर मोकळं झालं.

वाड्याला वळसा घालून आम्ही दक्षिणेकडच्या दरवाज्यापाशी आलो. याला नारायण दरवाजा म्हणतात, कारण नारायणरावाचा देह इथून बाहेर काढला असं सांगतात. त्याआधी याचं नाव जांभूळ दरवाजा होतं आणि वाड्यातल्या कुणबिणी-बटकींची ये-जा इथून चाले. त्या बायकांबद्दल मी तिला जरा सविस्तर सांगितलं, कारण परीक्षेच्या पुस्तकांत त्या नसतात. पेशवाईतल्या कुणबिणी म्हणजे दासी. काही दुष्काळात विकल्या गेलेल्या, काही मुलखगिरीत धरून आणलेल्या. व्यभिचाराचा आरोप ठेवून काहींना सरकारजमा केलं जाई आणि गुरांसारखं कामाला जुंपलं जाई, कधी कोठीत, कधी पागेत, कधी दूरच्या गडावर. त्यांची किंमत कागदावर लिहिलेली सापडते, त्यांना भेट म्हणून दिल्याच्या नोंदी सापडतात. दळण-कांडण, शेण, पाणी, आजाऱ्यांची उस्तवार, सगळं त्यांच्याकडे. आणि त्यांच्या रोजच्या पावलांनी झिजलेला दरवाजा एका दिवसात पेशव्याच्या नावावर झाला.

ती बराच वेळ त्या उंबऱ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे दरवाजासुद्धा गेला त्यांचा.”

तिथून शिवाजी रस्त्याने दगडूशेठ गणपतीपर्यंत काही मिनिटांचं अंतर. देवळासमोर, रस्त्याच्या पलीकडे, भिडेवाडा होता. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती इथे. वाडा कोसळत, टेकू देत, कोर्टकचेऱ्या सोसत कसाबसा उभा होता. डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी तो पाडला. सावित्रीबाईंवर शेण आणि चिखल फेकला गेला तो याच वाटांवर. शेण फेकणारी माणसं भुतंखेतं नव्हती. घरी जाऊन हातपाय धुऊन देवपूजा करणारी, मुलाबाळांवर माया करणारी माणसं होती. पुण्याच्या काळोखाचा विचार करते तेव्हा मला गारद्यांपेक्षा या लोकांची भीती जास्त वाटते.

मंडईवरून आम्ही गंज पेठेत गेलो. आता तिला महात्मा फुले पेठ म्हणतात, आणि फुलेवाड्याला समता भूमी. बसकं कौलारू घर, आत थंडावा, भिंतींवर तसबिरी. अंगणात जोतीरावांची समाधी. आणि तो हौद. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्या काळी सार्वजनिक पाणवठ्यावर महार-मांगांना घोटभर पाणी मिळत नव्हतं. हौदाच्या कडेला हात टेकून ती उभी राहिली. मी सावलीत पायरीवर बसले आणि मला सगळ्यात जास्त जे सांगायचं होतं ते सांगितलं.

काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा जोतीरावांच्या एका स्नेह्याच्या घरी स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला नादी लावलं. दिवस गेले. गर्भ पाडायचे उपाय करून झाले, उपयोग झाला नाही. मूल जन्मलं. अब्रूच्या भीतीने तिने ते मारलं आणि विहिरीत टाकलं. पुण्याच्या सेशन्स कोर्टात खटला चालला आणि तिला जन्मठेपेवर अंदमानात धाडलं. शास्त्री कुठल्याच कोर्टासमोर उभा राहिला नाही. जोतीरावांनी पुढे १८८४ मध्ये हे सगळं लिहून ठेवलं आहे. काशीबाईच्या या प्रकरणानंतरच, १८६३ मध्ये, त्यांनी आणि सावित्रीबाईंनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. ब्राह्मण वस्तीत कोपऱ्याकोपऱ्यावर कागद चिकटवले की विधवांनी इथे येऊन गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यायचं की ठेवायचं ते त्यांनीच ठरवावं.

कल्पना करा, त्या भिंतीवरच्या कागदाची. अंधार पडल्यावर कोणी तरी डोईवरचा पदर पुढे ओढून तो वाचला असेल. बहुतेकींना वाचता येत नव्हतं, म्हणजे कोणाकडून तरी कानावर घेतला असेल. त्यासाठीही धाडस लागतं.

१८८४ पर्यंत अशा ३५ विधवा त्या घरी आल्या. त्यांच्या मुलांपैकी ५ जगली. बाकीची ३० गेली, कारण दिवस लपवायला आयांनी घेतलेल्या विषारी औषधांनी ती पोटातच खचली होती. ३० मुलं, एका घरात. त्या बाळंतपणांना सावित्रीबाई उशाशी असत. पुण्यातल्या प्रतिष्ठित वाड्यांमधून केवढी हत्याकांडं मुकाट्याने चालली होती हे सांगणारा याहून थेट आकडा मला माहीत नाही. शनिवारवाड्यात एक खून झाला त्याची हाक अडीचशे वर्षं ऐकू येते. या तीस जणांना हाक मारण्याइतकाही श्वास मिळाला नाही.

जी जगली त्यांतला एक यशवंत. त्याला जोतीराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतलं, शिकवलं, डॉक्टर केलं.

“सावित्रीबाई फुले, निधन १० मार्च १८९७, प्लेग,” ती मुलगी एका दमात म्हणाली. परीक्षेसाठी पाठ केलेलं. “पण काकू, कुठं?”

मग प्लेगची गोष्ट. १८९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली साथ पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला पुण्यात पेटली. चापेकरांची कथा मी तिला थोडक्यातच सांगितली, ती सर्वांना ठाऊक आहे: रँडची प्लेग समिती, घरोघर शिरणारे गोरे सोजीर, २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर झाडलेल्या गोळ्या, आणि मग एकामागून एक फाशी, दामोदर, वासुदेव, रानडे, बाळकृष्ण. त्यांचं बलिदान मोठं आहे. पण सोजिरांनी कोणाच्या माजघरात काय केलं, कोणत्या बाईला अंगणात उभं केलं, हे नावानिशी सांगायला कोणी उरलं नाही. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी इंग्लंडात ही तक्रार मांडली आणि परत आल्यावर पुरावा देता येईना म्हणून त्यांना जाहीर माफी मागावी लागली. त्या माफीबद्दल गोखल्यांना लोकांनी फार घालून पाडून बोललं. मला त्यात दिसतं ते एवढंच की ज्या घरांत हे घडलं त्यांनी दार लावून घेतलं. कोणतं घर आपल्या लेकीसुनेला साक्षीला उभं करणार होतं? पंडिता रमाबाईंनी मात्र सरकारी प्लेग रुग्णालयात बायकांची होणारी विटंबना वर्तमानपत्रात लिहून मांडली.

त्या वर्षीच्या मार्च महिन्यात साठी ओलांडलेल्या सावित्रीबाई गावाबाहेरच्या वस्त्यांमधून फिरत होत्या. यशवंत लष्करातल्या नोकरीतून रजा काढून आला होता, त्याने हडपसरजवळ ससाणे मळ्यात प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना मांडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड नावाच्या मुलाला लागण झाल्याचं कळलं. सावित्रीबाई तिथे गेल्या, त्याला पाठीवर घेतलं आणि दवाखान्यापर्यंत चालत आणलं. मुलगा वाचला. त्यांना त्याची लागण झाली आणि त्या गेल्या.

विधवेच्या पोटी, चोरून जन्मलेलं मूल डॉक्टर झालं, म्हणून तो दवाखाना झाला. हौदाचं पाणी ज्यांना खुलं झालं होतं त्यांच्याच वस्तीतलं पोर त्या पाठीवरून आलं. हे सगळे धागे या एका अंगणात येऊन मिळतात आणि काळा इतिहास दाखवणारी एकही फेरी इथवर येत नाही. लोकांना भीती हवी असते, म्हणतात. मग तीस बाळांची भीती पुरत नाही का?

दुपार व्हायला आली तरी तिचे पाय निघत नव्हते. पण मला अजून एक ठिकाण दाखवायचं होतं. सेव्हन लव्हज चौकातून आम्ही गुलटेकडीला गेलो. आता तिथे मार्केट यार्ड आहे. कांद्या-बटाट्याचे ट्रक, पाठीवर पोती घेतलेले हमाल, पायाखाली कोबीचा पाला. पाटी नाही, स्तंभ नाही. बघण्यासारखं म्हणाल तर काहीच नाही.

१८५५ मध्ये फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग मुलीने एक निबंध लिहिला. ‘ज्ञानोदय’मध्ये तो दोन हप्त्यांत छापून आला. त्यात ती सांगते की बाजीरावाच्या राज्यात मांग किंवा महार तालीमखान्यापुढून गेला तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या डोक्याचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळत. मोठमोठ्या इमारतींच्या पायात तिच्या लोकांना तेलशेंदूर पाजून पुरत, असंही ती लिहिते. आपल्या बायका उघड्यावर बाळंत होतात, थंडीवाऱ्याने तळमळतात, हे ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यासारखं लिहिते. शाळेत जाऊन तीनच वर्षं झालेली मुलगी, आणि वाक्यावाक्याला जाब विचारते. आमचा धर्म कोणता ते सांग, म्हणजे आम्ही त्याप्रमाणे वागू, असं थेट देवालाच म्हणते.

आम्ही एका गाळ्याच्या फळीवर बसलो आणि तिने फोनवर तो निबंध काढून मोठ्याने वाचला. शेजारी चहा पीत बसलेले दोन हमाल ऐकायला सरकले. एकाने विचारलं, “हे इथलंच?” ती म्हणाली, “हो, इथलंच.”

या निबंधावर आक्षेप घेणारे मला भेटतात. शिकलेले, सज्जन लोक. मिशनऱ्यांच्या पत्रात आलेलं, एका पोरीचं ऐकीव, पेशवे दप्तरात कुठे आहे असं, म्हणतात. यावर मला माझी आजी आठवते. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा ती नारायण पेठेतल्या आमच्या वाड्याच्या माडीवर अडकली होती. खालचं पाणी जिन्याची एकेक पायरी गिळत वर कसं आलं, ट्रंका आणि पाळणे कसे वाहत गेले, पाणी ओसरल्यावर गुडघाभर चिखलात तिने देव कसे शोधले, हे तिने मला इतक्या वेळा सांगितलंय की माझ्याच डोळ्यांसमोर ते घडलं असं वाटतं. माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची गोष्ट. आजवर कोणीही मला याचा कागद दाखव म्हटलेलं नाही, आणि म्हटलं तर मला राग येईल.

बाजीरावाचं राज्य बुडालं १८१८ मध्ये. मुक्ताने लिहिलं १८५५ मध्ये. मधली वर्षं सदतीस. तिच्या वस्तीत तेव्हा साठी-सत्तरीची जी माणसं होती त्यांनी ते राज्य भर तारुण्यात सोसलेलं होतं. रात्री चुलीपाशी ती काय बोलत असतील, आणि पोरीने ते किती वेळा ऐकलं असेल! त्यांचं दप्तर तेच होतं. ज्यांना गावच्या वेशीत सावलीसकट बंदी होती ते पेशव्यांच्या कारकुनाकडे नोंद करायला जाणार होते का?

मी हे त्या मुलीला सांगत होते आणि ती वहीत आमच्या वाटेचा कच्चा नकाशा काढत होती. वाड्याचे दोन दरवाजे, भिडेवाड्याची मोकळी जागा, फुलेवाडा, मार्केट यार्ड. तिच्या अभ्यासिकेतल्या मैत्रिणींना घेऊन तिला हीच वाट पुन्हा चालायची आहे. त्याआधी आम्ही दोघी मुंढव्याला जाणार आहोत. गायकवाडांची वस्ती जिथे होती तिथून हडपसरच्या ससाणे मळ्यापर्यंत, आजारी पोर पाठीवर घेतलेल्या म्हाताऱ्या बाईला केवढी वाट तुडवावी लागली ते तिला चालून बघायचंय. तिची पूर्वपरीक्षा झाली की दिवस ठरवू.